डेस्कटॉप व्हिडिओ मॅग्निफायर: काही महिन्यांच्या वापरानंतर, मैत्रिणीच्या आभारांसह

आधी निकाल सांगते. ज्यांची नजर माझ्यासारखी अधू आहे त्यांना तेवढ्यासाठी सगळा मजकूर वाचायला लावणं बरं नाही. डेस्कटॉप व्हिडिओ मॅग्निफायर, म्हणजे कॅमेऱ्याखाली ठेवलेलं पान पडद्यावर मोठं करून दाखवणारं टेबलावरचं यंत्र, मी आता बरेच महिने रोज वापरते आहे आणि त्याच्यामुळे कागदावर छापलेली पुस्तकं पुन्हा माझी मी वाचते आहे. यंत्रात उणिवा आहेत, त्याही लिहिणार आहे. पण हे यंत्र मी विकत घेतलेलं नाही, एका मैत्रिणीने दिलं. त्यामुळे या अनुभवात यंत्राइतकीच तीही येणार. तिला वगळलं तर जे घडलं त्याचं अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

मला वयोमानाने होणारं मॅक्युलर डीजनरेशन आहे, दोन्ही डोळ्यांत, कोरड्या प्रकारचं. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी बारीक कामं त्याच्या जिवावर चालतात. तो झिजत गेला की कडेचं दिसत राहतं आणि नेमकं जिथे बघावं तिथलं जातं. दारातून माणूस आत आलेलं कळतं, चेहरा कळत नाही. पान दिसतं, शब्द दिसत नाही. या आजाराच्या ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देऊन नुकसान थोपवता येतं, म्हणून सरळ रेघ अचानक वाकडी दिसू लागली तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांना दाखवावं. कोरड्या प्रकारात गेलेली नजर परत आणणारं औषध नाही. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही, कारण बिघाड पडद्यात असतो आणि चष्मा पडदा दुरुस्त करू शकत नाही. हे मी घरीदारी कितीदा तरी सांगितलं, तरी "एकदा दुसरीकडे नंबर काढून बघ" हा सल्ला थांबला नाही. तो सल्ला जिने कधीच दिला नाही, ती ही मैत्रीण.

आमची ओळख शिकत असतानाची, आणि ती टिकली पुस्तकांवर. तिने आणलेलं मी वाचायचं, मी आणलेलं तिने, आणि मग भांडायचं. नजर उतरू लागल्यावर मी तिच्याकडून पुस्तकं घेत राहिले, पण त्यांच्याबद्दल बोलणं कमी होत गेलं. तिच्या ते लक्षात आलं. "तुला कितपत दिसतं?" हा प्रश्न मला तोवर सगळ्यांनी विचारला होता. तिने विचारलं, "तुला वाचायचं काय काय आहे, ते सांग." मी जी नावं सांगितली ती जवळपास सगळी माझ्याच कपाटातली होती. आधी अनेकदा वाचलेली, काही ठिकाणी पानं सुटलेली, आणि पुन्हा कधीच न छापलेली.

या उत्तरामुळे कोणतं साधन घ्यायचं ते ठरलं. तसे पर्याय बरेच आहेत आणि त्यातले काही मी वापरून पाहिले होते. हातातल्या भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. २० डायॉप्टरचं भिंग साधारण पाचपट मोठं दाखवतं, पण ते कागदापासून ५ सेंटिमीटरवर धरावं लागतं, आणि जितकी ताकद वाढवावी तितकं भिंग आकाराने लहान होत जातं. शेवटी भिंगातून दोन-तीन अक्षरं दिसतात, हात कापतो, आणि शब्द पुरा होईपर्यंत वाक्य कुठे चाललं होतं ते विसरायला होतं. फोनचा कॅमेरा औषधाच्या पाकिटासाठी चांगला, प्रकरण वाचायला नाही. टॅब्लेटवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि नवी पुस्तकं मी आजही त्यावर वाचते. मात्र जुन्या मराठी पुस्तकांच्या ज्या प्रती मिळतात त्या बहुतेक पानांचे फोटो असतात. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटाने पान सरकवत बसावं लागतं.

बोलती पुस्तकंही मी ऐकते, आणि ऐकण्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी ती किती मोठी गोष्ट आहे हे सांगायला नको. २०१३ साली मराकेश करार हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१६ च्या सप्टेंबरअखेरीस तो अमलात आला. ज्या देशांनी तो स्वीकारला तिथे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी हक्कधारकाच्या परवानगीविना पुस्तकाची वाचण्याजोगी प्रत करता येते, आणि ती दुसऱ्या देशात पाठवताही येते. पण मला ओळ बघायची सवय आहे. कवितेत ओळ कुठे मोडली आहे ते मला डोळ्यांनी कळावं लागतं. एखाद्या शब्दापाशी किती वेळ थांबायचं ते वाचताना मी ठरवते, ऐकताना दुसरं कुणी ठरवतं. माझ्या डोळ्यांत थोडी नजर शिल्लक असताना ती वापरायची होती.

मैत्रिणीने यंत्र परस्पर आणून माझ्या पुढ्यात ठेवलं नाही. आधी ती मला लो व्हिजन क्लिनिकमध्ये, म्हणजे अधू नजरेच्या लोकांसाठीच्या दवाखान्यात, घेऊन गेली. नेहमीच्या तपासणीत काय दिसत नाही ते मोजतात, इथे काय दिसतं ते मोजलं. कमीत कमी किती मोठं अक्षर वाचता येतं, काळ्यावर पांढरं जास्त चांगलं दिसतं की पांढऱ्यावर काळं, डोळ्याच्या पडद्याचा कोणता भाग अजून शाबूत आहे, सगळं नोंदवलं. मग तिथेच वेगवेगळी यंत्रं लावून मला वाचायला दिली. एवढा खर्च तू करायचा नाहीस, असं मी तिला बजावलं होतं. ती म्हणाली, "अगं, आजवर तुझी जेवढी पुस्तकं नेली त्यांची वर्गणी लावली असतीस तर माझं दिवाळं निघालं असतं. गप्प बस आणि अक्षर कुठल्यावर स्पष्ट दिसतंय ते सांग."

कुणाला असं साधन भेट द्यायचं मनात असेल तर माझं आग्रहाने सांगणं आहे की अचानक आणून चकित करू नका. एकाच आजाराच्या दोन माणसांना दोन वेगळी यंत्रं लागू शकतात. ज्याचे डोळे, त्याने आधी त्यातून वाचून बघायला हवं.

आता यंत्राकडे वळते. एका स्टँडवर २२ इंची पडदा, त्याच्याखाली खाली तोंड केलेला कॅमेरा, आणि सगळ्यात खाली डावी-उजवीकडे व पुढे-मागे सरकणारी ट्रे. ट्रेवर पुस्तक उघडून ठेवायचं, ट्रे सरकवायची, पडद्यावर मजकूर मोठा होऊन येतो. मूळ कल्पना बरीच जुनी आहे. सॅम्युएल जेनेन्स्की नावाच्या अमेरिकन गणितज्ञाची स्वतःची नजर फार अधू होती. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेत काम करताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्लोज्ड सर्किट टीव्ही वापरून वाचायची सोय केली. म्हणूनच जुनी मंडळी या यंत्राला अजून "सीसीटीव्ही" म्हणतात. ज्याला गरज होती त्यानेच हे बसवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि यंत्र वापरताना ते जाणवतंही. बटणं मोजकी आणि मोठी आहेत, हाताने चाचपून कळतात.

किती मोठं करायचं याचा हिशेब साधा आहे. २२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ४९ सेंटिमीटर भरते. पाचपट मोठं केलं तर कागदाचा पावणेदहा सेंटिमीटर रुंद पट्टा पडद्यावर मावतो, म्हणजे लहान आकाराच्या पुस्तकाची जवळजवळ पूर्ण ओळ. दहापट केलं की त्याच्या निम्मं. मी आठपटीच्या आसपास वाचते, तेव्हा चार-पाच शब्द एका वेळी दिसतात. मोठं करायचा मोह खूप होतो, पण वाचता येईल इतपतच मोठं करावं. त्यापुढे प्रत्येक पटीला वेग कमी होत जातो.

अक्षर मोठं केल्याने माझ्या डोळ्यात नक्की काय होतं, तेही सांगते. मधला भाग निकामी असला तरी मोठी प्रतिमा त्याच्या बाहेर पसरते आणि डोळ्याच्या पडद्याच्या शाबूत भागावर पडते. त्यासाठी शब्दाकडे थेट बघायचं नसतं. मला शब्दाच्या किंचित वर नजर रोखायला शिकवलं. शब्द मग खालच्या बाजूने दिसतो. आयुष्यभर जिकडे बघायचं तिकडे डोळा नेला, आणि आता बघायचं आहे त्याच्या बाजूला न्यायचा. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. यंत्राबरोबर दुसरी एक सवयही लावून घ्यावी लागते. डोळे ओळीवरून फिरवायचे नाहीत, ते एका जागी ठेवायचे आणि ट्रे सरकवून शब्द डोळ्यांसमोर आणायचे. सुरुवातीला मला गरगरायचं. ओळ संपली की त्याच ओळीवरून मागे सुरुवातीला यायचं आणि मगच खाली उतरायचं, तिरपं आलं की भलत्याच ओळीवर जाऊन पडतो. ट्रेला ब्रेक आहे, तो थोडा आवळला की ती वर-खाली घसरत नाही. पहिले काही आठवडे एवढंच चाललं होतं.

त्या आठवड्यांत मैत्रीण शेजारी येऊन बसायची. मी अडखळले तरी ती शब्द सांगायची नाही. शांतपणे स्वतःचं काहीतरी वाचत बसायची आणि मी विचारलं तरच मान वर करायची. मदत म्हणजे शब्द पुरवणं असं बहुतेकांना वाटतं, आणि त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण पुरवलेला प्रत्येक शब्द हा मी न वाचलेला शब्द असतो. तिला हे कुणी सांगितलं होतं की आपसूक कळलं, मी विचारलेलं नाही. एका संध्याकाळी पूर्ण परिच्छेद कुठेही न थांबता पार पडला, तेव्हा मी मोठ्याने तसं म्हटलं. ती म्हणाली, "पुढे?" आणि मी पुढे वाचलं.

मराठी वाचणाऱ्यांसाठी काही खास सूचना. यंत्राच्या माहितीपत्रकात त्या सापडणार नाहीत, कारण ती यंत्रं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून समजावलेली असतात. आपली शिरोरेषा इथे फार कामाला येते. ट्रे सरकवताना ती कठड्यासारखी धरून चालता येतं, ती वर-खाली झाली की ओळ सुटली हे लगेच कळतं. उलट त्रास देतात ती सारखी दिसणारी अक्षरं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांच्यात फरक एका गाठीचा किंवा छोट्या रेघेचा असतो, आणि तेवढीच जागा माझ्या डोळ्याला दिसत नाही. "घर" आहे की "धर", "भार" की "मार", हे पूर्वी वाक्यावरून ताडावं लागायचं. आठपटीला ते ताडावं लागत नाही. अनुस्वार सगळ्यात उशिरा हाती लागतो. छपाई फिकी असेल तर तो टिंब आहे की कागदावरचा डाग, हे बघायला अजूनही एकदा मोठं करून घेते.

ओळ-पट्टीचं एक बटण आहे. ते दाबलं की वरचा-खालचा मजकूर झाकला जातो आणि एकच ओळ उघडी राहते. सोय उत्तम, पण कारखान्यातून येते तेव्हा पट्टी इतकी अरुंद असते की वेलांटी आणि मात्रा वरून कापल्या जातात, उकार खालून. ती रुंद करून घ्या. दीर्घ ऊकार आणि खाली जोडाक्षर असलेली ओळ उघडून पट्टी तिच्यावर बेतावी, मग सगळं मावतं.

जुन्या पुस्तकांबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं वाचन मुख्यतः तेच आहे. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांत शाई पसरलेली असते, कुठे काना तुटलेला असतो, शिरोरेषेला खिळ्याखिळ्यामध्ये फट असते. कागद तांबूस झालेला असतो. मॅक्युला झिजला की नजरेबरोबर फिका-गडद भेद ओळखायची ताकदही कमी होते, म्हणून अशा पानावर करडी अक्षरं तांबूस कागदात बुडून जातात. यंत्रात रंग उलटे करायची सोय आहे: काळ्यावर पांढरं, काळ्यावर पिवळं, निळ्यावर पिवळं. काळ्यावर पिवळं मला सगळ्यात मानवलं, कारण पांढऱ्या पडद्याचा झगझगाट डोळ्यांवर येत नाही. पण कागद पातळ असला तर पाठच्या पानाची छपाईही उमटते आणि सगळा गोंधळ होतो. त्यावर उपाय फार सोपा आहे: वाचायच्या पानामागे एक काळा जाड कागद सरकवायचा. पाठची छपाई दिसेनाशी होते. ही युक्ती मला क्लिनिकमध्ये कळली, आणि तिने माझ्या कपाटातली कितीतरी पुस्तकं वाचण्याजोगी केली.

रंग उलटे केले की पेन्सिलीच्या खुणा जातात, हे मला असंच एकदा कळलं. उठावदार रंगांच्या मोडमध्ये यंत्र फिकं ते कागदात आणि गडद ते अक्षरात ढकलतं, त्यामुळे पेन्सिल पुसली गेल्यासारखी वाटते. एक कादंबरी निम्मी वाचून झाली होती आणि मी काही कारणाने साध्या रंगीत मोडवर आले, तर समासात करडं काहीतरी उमटलं. मोठं करत गेले. मैत्रिणीचं अक्षर होतं. आम्ही एकमेकींच्या पुस्तकांत पेन्सिलीने लिहायचो, ते मी विसरले नव्हते, पण ते पुन्हा वाचता येईल असं मनात आलं नव्हतं. तिथे तिने नायिकेच्या बाजूने माझ्याशी भांडण मांडलं होतं, आणि खाली माझं त्या वेळचं उद्धट उत्तर होतं. त्या दिवशी कादंबरी पुढे गेली नाही. मी मागे जाऊन पहिल्या पानापासून सगळे समास वाचले. टॅब्लेटवर हीच कादंबरी मिळाली असती तरी हे मिळालं नसतं.

उणिवा आता. यंत्र जड आहे आणि एका जागी राहतं. पडून वाचायचं सुख गेलं ते गेलंच. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वळतं आणि तिथली अक्षरं अंधुक होतात. तळहाताने दाबून धरावं लागतं, आणि मोडकळीला आलेल्या बांधणीचा जीव वरखाली होतो. मध्ये हात आला की ऑटोफोकस हाताकडे वळतं आणि अक्षरं क्षणभर विरघळतात. फोकस पक्का करायचं बटण आहे, ते वाचायला बसल्या बसल्या दाबून टाकायचं. गुळगुळीत कागदावर यंत्राच्याच दिव्याची तिरीप पडते, तेव्हा तो दिवा बंद करून बाजूचा लावते. माझ्या यंत्रात मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय नाही. ज्यांची नजर वेगाने उतरते आहे त्यांनी ती असलेलं यंत्र बघावं, आणि मराठी आवाज आहे का ते स्वतः ऐकून खात्री करावी. पडद्याची उंची आपल्या डोळ्यांना बेतून घेतली नाही तर मान धरते. आणि वेग. पूर्वीचा वेग येत नाही. थोडं वाचून डोळे मिटून बसावं लागतं. मी दिवसाला काही पानं वाचते, आणि ती सगळी लक्षात राहतात.

वाचनाव्यतिरिक्तही यंत्र हाताशी येतं. औषधाच्या चकाकत्या पट्टीवरची तारीख ती तिरपी धरून वाचता येते, जुने फोटो चेहऱ्यांसकट दिसतात. आणि कॅमेऱ्याखाली कागद ठेवून लिहिता येतं. हात कागदावर आणि डोळे समोरच्या पडद्यावर, हे आधी विचित्र वाटतं, पण सही आता रेघेवर येते. जाड काळा पेन मात्र हवा.

सगळ्यांना हे यंत्र चालेल असं नाही. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये कडेची नजर जाऊन मधला लहानसा गोल उरला असेल, तर फार मोठं केल्याने नुकसानच होतं, कारण त्या गोलात मग अक्षरंच मावत नाहीत. अशांना कमी मोठं आणि जास्त उठावदार लागतं. हातात धरायची छोटी यंत्रंही असतात, ती बाहेर नेण्यासाठी बरी. पण ज्यांचा मध्यभाग गेला आहे, कडेची नजर शाबूत आहे, आणि ज्यांची पुस्तकं कागदावरचीच आहेत, त्यांनी एकदा क्लिनिकमध्ये जाऊन यातून एक पान वाचून बघावं.

आणि तुला, बाई. तू यंत्र दिलंस, त्याचे आभार तू त्याच दिवशी मला मानू दिले नाहीस, म्हणून इथे मानते. दुसऱ्याच्या सवडीची वाट न बघता, दुसऱ्याच्या आवाजाशिवाय, मला हवं ते पुस्तक मला हव्या त्या वेळी उघडता येतं, हे मी गमावून बसले होते. ते तू मला परत मिळवून दिलंस, आणि मी शिकत होते तेव्हा शब्द न सांगता शेजारी बसलीस. त्या कादंबरीतल्या तुझ्या मुद्द्याला आता मी नवं उत्तर लिहिलं आहे. समासात जागा पुरली नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं आहे, काळ्या पेनने. तुझंच बरोबर होतं असं त्यात लिहिलेलं नाही. पुस्तक या आठवड्यात तुझ्याकडे पाठवते. वाचून परत कर, आणि खाली काय लिहायचं ते पेन्सिलीने लिहू नकोस.